फीत कोठे अडली?

दि. १९ जुलै २०२४ रोजी हैदराबादच्या विमानतळावर उतारूंच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. नाव, विमानाचा क्रमांक, आसन, सारे शाईने लिहिलेले. अशा एका पासाचे छायाचित्र देशभर फिरले आणि पुष्कळांना त्याचे हसू आले. ज्या शहराच्या पश्चिम अंगास पंचवीस वर्षांत संगणकांचे एक नवे नगरच उभे राहिले, तेथे लेखणी पुन्हा कामास यावी, यात गंमत होतीच. परंतु त्याच वेळी जगभर लक्षावधी संगणकांचे पडदे निळे पडले होते. यंत्र सुरू होई, क्षणभर चाले, कोसळे आणि आपणच पुन्हा सुरू होऊन पुन्हा कोसळे. बाहेरून आलेला मजकूर यंत्रात भरावा आणि त्यापायी यंत्रच बसावे, हा प्रकार मात्र नवा नव्हे. संगणकास ‘शहाणे’ करण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हापासून तो माणसाच्या मागे लागलेला आहे.

हैदराबादेत या उद्योगाचा पाया इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कारखान्याने घातला. अणुऊर्जा खात्याच्या आश्रयाखाली ११ एप्रिल १९६७ रोजी तो स्थापन झाला. त्याचे प्रवर्तक डॉ. ए. एस. राव यांचे नाव आज तेथील एक वसाहत धारण करून आहे. मुंबईजवळ तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात जो बारा द्वयंकांचा संगणक १९६९ साली सिद्ध झाला, त्याचे नाव टीडीसी-१२; ट्रॉम्बेचा अंकसंगणक असा त्याचा अर्थ. त्याचे उत्पादन हैदराबादेस होऊ लागले आणि पुढे टीडीसी-३१२ व टीडीसी-३१६ ही भावंडे निघाली.

त्या पिढीच्या लघुसंगणकांत कार्यप्रणाली, म्हणजे आजची ऑपरेटिंग सिस्टीम, कशी भरीत असत हे पाहण्यासारखे आहे. नुकत्याच चालू केलेल्या यंत्रास काहीच येत नाही. फीत वाचावी कशी, हेही त्यास ठाऊक नसते. मग चालकाने समोरच्या फळीवरील खटके वरखाली करून डझन-दीड डझन आज्ञा एकेक करून हातांनी भरावयाच्या. एवढ्या आज्ञांनी यंत्रास एक छोटी फीत वाचता येई; त्या फितीवरचा कार्यक्रम मोठी फीत वाची; आणि मोठ्या फितीवरून पुढचा सारा संसार येई. आपल्याच खांद्यावर आपण चढावे, तसा हा खटाटोप. ‘बूट करणे’ हा आज मुलांच्याही तोंडी असलेला शब्द याच खटाटोपातून आला आहे. बुटाच्या मागच्या पट्ट्या ओढून स्वतःला उचलण्याची एक इंग्रजी थट्टा होती, तीच यंत्रास चिकटली.

कागदी फितीवर छिद्रांच्या ओळी असत. छिद्र म्हणजे एक, छिद्र नसणे म्हणजे शून्य. एखादे छिद्र धुळीने बुजले की एकाचे शून्य झाले. हे कळावे कसे? त्यावर दोन युक्त्या होत्या. पहिली अशी की प्रत्येक ओळीतील छिद्रांची संख्या नेहमी सम, किंवा ठरवल्यास नेहमी विषम, राहावी म्हणून एक जादा जागा राखावयाची. दुसरी युक्ती वाण्याच्या वहीसारखी. सर्व आकड्यांची बेरीज करून ती फितीच्या शेवटी लिहून ठेवावयाची. यंत्राने वाचता वाचता आपली बेरीज करावयाची आणि दोन्ही ताडून पाहावयाच्या. हिलाच चेकसम म्हणतात. बेरीज जुळली नाही की यंत्र थांबे आणि फळीवरचे दिवे तसे दर्शवीत.

येथून खरी चिकित्सा सुरू होई, आणि तिचे सार एका प्रश्नात होते: फीत कोठे अडली? चालक ती गुंडाळून पुन्हा लावी. दुसऱ्या खेपेसही ती त्याच ठिकाणी अडली, तर दोष फितीत. दुसरी फीत मागवावी. निराळ्या ठिकाणी अडली, तर दोष बहुधा वाचणाऱ्या यंत्रात. त्याची काच पुसावी, दिवा पाहावा. दोन्ही वेळा बाहेरून दिसणारे अपयश सारखेच, पण उपाय अगदी भिन्न. हा भेद न करता रागाने दहादा तीच फीत फिरवणारा मनुष्य दहादा तेच फळ पावत असे.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग याला १९४७च्या सुमारास हाच जाच झाला होता. सुटीच्या दिवशी माणसे नसत. यंत्रास चूक सापडली की ते त्याचे गणित टाकून पुढच्याचे हाती घेई. लागोपाठ दोन शनिवार-रविवार असे फुकट गेल्यावर त्याच्या मनात आले की यंत्रास चूक झाली हे जर कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये? या वैतागातून १९५० साली त्याचा प्रसिद्ध निबंध निघाला. जादा द्वयंक हुशारीने मांडले, तर चुकीची जागा सापडते आणि यंत्र ती स्वतःच दुरुस्त करू शकते, असे त्याने दाखवले.

मराठी वाचकास ही विचारसरणी परकी वाटण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणास एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नकलांवरून नकला होता होता ग्रंथात पाठभेद शिरले होते. हे पैठण पुढे दीर्घकाळ, १९५६ पर्यंत, हैदराबाद संस्थानात व मग त्या राज्यात होते, हा एक योगायोगच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉ. सुखठणकरांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम चालवले, त्यामागील तर्कही फितीच्या चालकाचाच आहे. एकाच पोथीत आढळणारी चूक त्या लेखकाची. अनेक पोथ्यांत एकाच ठिकाणी तीच चूक दिसली, तर ती त्यांच्या समान पूर्वज पोथीतून उतरली असे समजावे.

पुढे फिती गेल्या, तबकड्या आल्या. हैदराबादच्या ‘स्वेच्छा’ या संस्थेने डेबियनवर आधारलेली तेलुगू कार्यप्रणाली सिद्ध केली. अशा मुक्त प्रणालींच्या तबकड्या त्या काळी हातोहात फिरत. घरी तबकडी करणाऱ्यांची एक चूक ठरलेली असे: प्रणालीची प्रतिमा ते साध्या फाइलीप्रमाणे तबकडीवर नकलून ठेवीत. बियाणे पुडीसकट जमिनीत पुरावे, तसे ते होई. तबकडीत सारे असे, पण यंत्र सुरू होत नसे. आज पेनड्राइव्हच्या बाबतीत दुसरा एक खोडा आहे. फॅट-३२ या जुन्या मांडणीत चार गिगाबाइटांची फाइल मावत नाही. प्रणालीतील मोठी फाइल त्याहून थोडी जरी वाढली, तरी नक्कल अपुरी राहते, आणि दोष मात्र बिचाऱ्या संगणकास लागतो.

इंटरनेटवरून डाउनलोड करण्याचे दिवस आल्यावर बेरजेची जागा हॅशने घेतली. एसएचए-२५६ या रीतीने कितीही मोठ्या फाइलीचे चौसष्ट अक्षरांचे एक ठसे-चिन्ह निघते. फाइलीत एक द्वयंक बदलला, तरी सारे चिन्ह पालटते. उतरलेल्या फाइलीचे चिन्ह मूळ चिन्हाशी जुळत नसेल, तर पुन्हा उतरवावी. दर खेपेस निराळे चिन्ह आले, तर तार किंवा संगणकाची स्मृती तपासावी. दर खेपेस तेच चुकीचे चिन्ह आले, तर देणाऱ्याचीच प्रत बिघडलेली आहे. साधन नवे, प्रश्न जुनाच.

तथापि ताडून पाहण्याचे चिन्ह कोणी दिले, हेही पाहावे लागते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळात चोर शिरले आणि त्यांनी डाउनलोडचा दुवा आपल्या बिघडवलेल्या प्रतीकडे वळवला. ज्या दारावर चोराचा ताबा, त्याच दारावर टांगलेल्या चिन्हाचा भरवसा काय? म्हणून चिन्हावर कर्त्याची गुप्तलिपीतील सही असावी लागते, आणि तीही पडताळावी लागते. बहुतेक लोक ती पडताळत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे.

आता पुन्हा २०२४च्या त्या शुक्रवारकडे वळू. बिघडलेला मजकूर कार्यप्रणालीचा नव्हता. तो क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या पहारेकरी कार्यक्रमाचा होता. पण या पहारेकऱ्यास विंडोज प्रणालीच्या गाभाऱ्यात प्रवेश होता, म्हणून त्याची ठेच साऱ्या यंत्रास लागली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तो मजकूर पाठवला गेला आणि १०.५७ला मागे घेतला गेला. एवढ्या अवधीत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रे बाधित झाली. वाटेत एक अक्षरही गळले नव्हते. नक्कल मुळाबरहुकूम होती; मूळच चुकलेले होते. नव्या साच्यात एकवीस रकाने कल्पिले होते आणि यंत्रातील कार्यक्रम वीसच पुरवीत होता. एकविसावा शोधावयास तो आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत गेला आणि कोसळला. पाठवण्यापूर्वीच्या तपासणीतही एक दोष होता, म्हणून ही विसंगती कोणास दिसली नाही. सर्वत्र यंत्रे एकाच ठिकाणी अडली, यावरूनच जाणत्यांनी दोष मुळात आहे हे ताडले.

उपाय सोपा होता, पण तो दुरून करता येत नव्हता. यंत्र पुरते सुरूच होत नसल्यामुळे मागे घेतलेल्या मजकुराची दुरुस्ती पुष्कळ यंत्रांपर्यंत पोहोचेना. म्हणून प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जावयाचे, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करावयाचे, विवक्षित कप्प्यातील एक फाइल पुसावयाची आणि पुन्हा चालू करावयाचे. जेथे तबकडी कुलूपबंद होती, तेथे आधी अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली हाताने टंकावी लागे. आणि काही ठिकाणी या किल्ल्यांची यादी बंद पडलेल्या संगणकातच होती. सुमारे नव्याण्णव टक्के यंत्रे पूर्ववत झाल्याचे कंपनीने २९ जुलैस सांगितले. यापुढे असा मजकूर सर्वांस एकदम न देता थोड्या यंत्रांपासून टप्प्याटप्प्याने देण्याचेही तिने जाहीर केले.