जुनी फायबर, नवी गाळणी : काचेच्या तारेतून येणारा सिग्नल स्वच्छ कसा होतो?

महामार्गाच्या कडेला ‘खाली ऑप्टिकल फायबर केबल आहे, खोदू नये’ अशा अर्थाचे दगड किंवा खांब सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्या केबलच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या तारा असतात. एका तारेची जाडी १२५ मायक्रोमीटर, आणि प्रकाश ज्यातून जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर. १९९०च्या दशकात अशा तारेवर एका रंगाच्या प्रकाशातून सेकंदाला अडीच गिगाबिट माहिती पाठवली, तरी ती मोठी गोष्ट मानली जाई. आज त्याच जातीच्या तारेवर एका रंगातून १०० ते ४०० गिगाबिट जातात, आणि असे ऐंशी-नव्वद रंग एकाच वेळी धावतात. काच तीच आहे. बदलली ती दोन टोकांची यंत्रे. त्या यंत्रांच्या गाभ्यात जे आहे त्याला इंजिनिअर फिल्टर म्हणतात, आपण गाळणी म्हणू.

चहाची गाळणी चोथा अडवते आणि चहा सोडते. सिग्नलच्या गाळणीचे काम त्याहून मोठे असते. नको ते अडवणे हा त्याचा एक भाग. वाटेत जे बिघडले ते उलट दिशेने फिरवून मूळ रूपात आणणे, हा दुसरा आणि जास्त अवघड भाग.

आधी काच शुद्ध झाली

१९६६ मध्ये इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक हिशेब मांडला. त्या काळच्या चांगल्या काचेतही किलोमीटरला हजार डेसिबलच्या आसपास प्रकाश वाया जाई, म्हणजे वीस मीटरमध्ये शंभरातला एकच भाग उरे. हा दोष काचेचा नाही, काचेतल्या लोहासारख्या अशुद्ध घटकांचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नुकसान किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत आणले तर टेलिफोन काचेतून चालेल, हेही त्यांनी सांगितले. १९७० मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. १९७९ मध्ये जपानच्या एनटीटीने ०.२ डेसिबलची फायबर करून दाखवली. काओंना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

०.२ डेसिबल म्हणजे किती? बेळगावहून निघालेला प्रकाश शंभर किलोमीटरवर, कोल्हापूरच्या अलीकडे पोहोचला तरी शंभरातला एक भाग शिल्लक असतो. पूर्वी जे वीस मीटरमध्ये व्हायचे ते आता शंभर किलोमीटरमध्ये होते. भारतात टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी पहिली फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली, हेही इथेच नोंदवायला हवे.

पल्स पसरतो, ही खरी अडचण

प्रकाश कमी पडला तर वाढवता येतो. १९८७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये एमान्युएल देसुर्विर यांच्या गटाने अर्बियम मिसळलेल्या फायबरचा अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. त्यामुळे दर थोड्या अंतरावर प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करण्याची कटकट गेली. पण पसरलेला सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरने आवरत नाही. तो पसरलेलाच मोठा होतो.

पसरतो का, तर काचेत प्रत्येक रंगाचा वेग किंचित वेगळा असतो. लेझरचा प्रकाश एकरंगी म्हणावा असा असला, तरी त्यावर माहिती चढवली की तो थोडासा रुंद होतो. वारीला निघालेल्या दिंडीचे उदाहरण घ्या. निघताना सगळे एकत्र असतात. चार कोसांवर चपळ माणसे पुढे आणि म्हातारी मागे पडतात, आणि मागच्या दिंडीचे पुढचे वारकरी पुढच्या दिंडीच्या शेपटात मिसळतात. कोण कोणत्या दिंडीतला, हे मग कळत नाही. फायबरमध्ये बिटांचे असेच होते. याला डिस्पर्शन म्हणतात.

आकडे पाहिले की त्रास लक्षात येतो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला नेहमीच्या फायबरमध्ये दर किलोमीटरला, दर नॅनोमीटर रुंदीमागे साधारण १७ पिकोसेकंदांचा फरक पडतो. सेकंदाला १० गिगाबिट पाठवायचे तर एका बिटाला १०० पिकोसेकंद मिळतात आणि प्रकाश सुमारे ०.०८ नॅनोमीटर रुंद होतो. ८० किलोमीटरवर हा पसारा १०९ पिकोसेकंद भरतो, म्हणजे एक बिट पूर्ण शेजारच्या बिटावर जाऊन बसतो. वेग चौपट, म्हणजे ४० गिगाबिट केला, तर बिट चौपट अरुंद आणि प्रकाश चौपट रुंद होतो. अंतर सोळाव्या हिश्शावर, पाच किलोमीटरवर येते. याच पद्धतीने १०० गिगाबिट पाठवले तर किलोमीटरभरही धड जात नाहीत. वेग वाढवला की अंतर वर्गाच्या हिशेबाने घटते. नव्वदच्या दशकात इंजिनिअरांची झोप उडाली ती या गणितामुळे.

१३१० नॅनोमीटरच्या आसपास डिस्पर्शन जवळपास शून्य असते. मग तिथेच का राहू नये? कारण तिथे नुकसान जास्त आहे, आणि अर्बियमचा अ‍ॅम्प्लिफायर १५३० ते १५६५च्या पट्ट्यात काम करतो. एकीकडे सोय, तर दुसरीकडे गैरसोय.

काचेतच कोरलेले फिल्टर

पहिला उपाय काचेचाच होता. उलट्या डिस्पर्शनची खास फायबर बनवली आणि ८० किलोमीटरच्या प्रत्येक टप्प्यामागे तिचे पंधरा-सोळा किलोमीटरचे भेंडोळे एक्स्चेंजमधल्या खोक्यात गुंडाळून ठेवले. त्या भेंडोळ्यात प्रकाश गावाबाहेर न जाताच पंधरा किलोमीटर धावे. उपाय चाले, पण प्रकाश आणखी वाया जाई आणि त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर जास्तीचे लागत.

दुसरा उपाय अधिक देखणा. १९७८ मध्ये ओटावामध्ये केन हिल आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले की जर्मेनियम मिसळलेल्या फायबरवर तीव्र प्रकाशाचा कायमचा ठसा उमटतो. पुढे १९८९ मध्ये मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी अतिनील किरणांचा पट्ट्यापट्ट्यांचा नमुना बाजूने पाडून असे ठसे हव्या त्या अंतरावर उमटवले. काचेत साधारण अर्ध्या मायक्रोमीटरच्या अंतराने ओळी आखलेल्या असतात, आणि त्या अंतराला जुळणारा एकच रंग परत फिरतो. बाकीचे रंग सरळ जातात. ही झाली ब्रॅग ग्रेटिंग. ओळींमधले अंतर हळूहळू बदलत नेले तर एक रंग दारातूनच परततो आणि दुसरा आत खोल जाऊन परततो. पुढे गेलेल्याला जास्त चालायला लावायचे, की दिंडी पुन्हा एकत्र.

रंग वेगळे करण्यासाठी आणखी एक फिल्टर लागतो. ऐंशी रंग एका तारेत घातले तर पलीकडे ते निवडावे लागतात, आणि शेजारच्या दोन रंगांत अंतर अवघे ५० किंवा १०० गिगाहर्ट्झ असते. १०० गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ०.८ नॅनोमीटर. हे काम करणारी, चिपवर बसणारी रचना १९८८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे माइंट स्मिट यांनी मांडली.

वर्ग केला की चिन्ह जाते

इथे वाचक विचारेल, एवढी काच गुंडाळण्यापेक्षा प्रकाश विजेत बदलल्यावर कॉम्प्युटरने का नाही दुरुस्त करत? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर हाच या विषयाचा कणा आहे.

डिस्पर्शन कोणत्याही रंगाची ताकद कमी करत नाही, फक्त प्रत्येकाला वेगवेगळा उशीर करते. फायबर ही स्वतःच एक गाळणी आहे, पण काहीही न अडवणारी. जे अडवलेले नाही ते तत्त्वतः पूर्ण परत मिळवता येते. मात्र साधा फोटोडायोड प्रकाशाची फक्त तीव्रता मोजतो, म्हणजे लहरीच्या उंचीचा वर्ग. लहर वर होती की खाली, तिची फेज काय, हे त्याला कळत नाही. ३ आणि उणे ३ या दोन्हींचा वर्ग ९. नऊ हातात आल्यावर मूळ आकडा कोणता होता, हे कोणताही कॉम्प्युटर सांगू शकत नाही. उशीर उलटवण्यासाठी जी माहिती हवी, तीच या मोजमापात पुसली जाते.

फेज टिकवणारा रिसीव्हर म्हणजे कोहेरंट रिसीव्हर. त्यात येणाऱ्या प्रकाशात स्थानिक लेझरचा प्रकाश मिसळतात आणि दोहोंच्या मेळातून उंची आणि फेज दोन्ही वाचतात. कल्पना १९८०च्या दशकातलीच. पण दोन लेझर एकमेकांशी अचूक जुळवून ठेवणे जिकिरीचे होते, आणि अर्बियमचा अ‍ॅम्प्लिफायर आल्यावर ती कल्पना फडताळात गेली. दोन हजारनंतर चिप इतक्या वेगवान झाल्या की लेझर जुळवण्याची गरजच उरली नाही. न जुळलेले मोजायचे आणि फरक आकडेमोडीने काढायचा. टोकियो विद्यापीठात काझुरो किकुची यांच्या गटाने आणि इतरांनी हे दाखवले, आणि २००८ मध्ये नॉर्टेलने ४० गिगाबिटचे असे यंत्र बाजारात आणले. फडताळातली कल्पना वीस वर्षांनी कामाला आली.

आकड्यांची गाळणी

डिजिटल फिल्टरची कृती तशी साधी. सिग्नलचे आजूबाजूचे नमुने घ्यायचे, प्रत्येकाला ठरावीक वजन द्यायचे आणि बेरीज करायची. अवघड आहे ती संख्या. मुंबई ते बेंगळुरू, बेळगाववरून जाणारा रस्ता साधारण हजार किलोमीटरचा. तेवढ्या फायबरमध्ये सेकंदाला ३२ अब्ज चिन्हे पाठवली तर प्रत्येक चिन्ह सुमारे १४० चिन्हांवर पसरते, आणि ते आवरायला साडेपाचशेच्या आसपास वजनांची बेरीज लागते, तीही प्रत्येक नमुन्यासाठी. सरळ बेरीज परवडत नाही. म्हणून १९६५च्या कूली-ट्यूकी पद्धतीने सिग्नल रंगांत फोडतात, प्रत्येक रंगाचा उशीर काढतात आणि पुन्हा जोडतात. भेंडोळे गेले, त्यांच्या जागी एक चिप आली.

डिस्पर्शन निदान स्थिर तरी असते. पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशलहरीच्या डोलण्याची दिशा, सतत फिरत राहते. ऊन, पाऊस, वरून जाणारा ट्रक, सगळ्यांनी ती बदलते. वीजवाहिनीच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर जी अर्थची तार असते, तिच्या पोटातही फायबर असते. तिथे आकाशातली वीज पडली तर दिशा क्षणात गरकन फिरते. त्यामुळे या फिल्टरला आपली वजने स्वतःच बदलत राहावी लागतात. ही विद्या फायबरपेक्षा जुनी आहे. १९६०च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये विड्रो आणि हॉफ यांनी चूक बघून वजने सुधारणारी पद्धत दिली, बेल लॅब्जच्या रॉबर्ट लकी यांनी ती कल्पना टेलिफोन लाइनवर आणली, आणि १९८० मध्ये गोदार यांनी पाठवलेले काय होते हे माहीत नसतानाही शिकणारी पद्धत सुचवली. तांब्याच्या तारेवर किर्र करणाऱ्या मोडेमची बुद्धी आज प्रकाशावर चालते.

याचा थेट फायदा जुन्या केबलना झाला. ज्या फायबरचा गाभा बनवताना नीट गोल राहिला नव्हता, त्यात दोन दिशांचा प्रकाश पुढेमागे पोहोचे आणि १० गिगाबिटलाच अडचण येई. अशी फायबर मोडीत निघायची. स्वतःला सुधारणाऱ्या फिल्टरमुळे त्यातली बरीचशी १०० गिगाबिटला चालू लागली. रस्ता पुन्हा न खोदता.

जिथे गाळणी हरते

मात्र हे सगळीकडे चालत नाही. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर थोडा गोंगाट मिसळतो, आणि तो सिग्नलच्याच रंगात असल्याने गाळता येत नाही. मग प्रकाश जास्त टाकावा, तर काच स्वतःच बिघडवते. तीव्र प्रकाशात तिचा अपवर्तनांक बदलतो, त्याला कर परिणाम म्हणतात, आणि शेजारचे रंग एकमेकांत ढवळले जातात. ते उलटवणारी गणिते २००८ पासून आहेत, पण चिपला ती फार महाग पडतात. वाटेतल्या केंद्रांवरचे रंग निवडणारे फिल्टर दहा वेळा ओलांडले की चॅनेलच्या कडा झिजतात. त्या कडा पुन्हा उचलता येतात, पण त्याबरोबर गोंगाटही उचलला जातो. अडवलेले आणि उशीर झालेले यांत फरक आहे तो इथे.

वीज हा आणखी एक खर्च. इतक्या वेगाने नमुने घेणारी आणि आकडेमोड करणारी चिप चांगलीच तापते. लांब पल्ल्यावर ते परवडते, पण एकाच डेटा सेंटरमध्ये काही किलोमीटरसाठी नाही. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी म्हणूनच उलटी वाट धरली. १०० गिगाबिटच्या कोहेरंट रिसीव्हरमध्ये नमुने न घेताच, सरळ अ‍ॅनालॉग सर्किटमध्ये फिल्टर बसवायचे, अशी त्यांची मांडणी आहे. अंतर कमी असेल तर साडेपाचशे वजने कशाला हवीत, हा साधा विचार त्यामागे आहे.

घरी येणाऱ्या फायबरमध्ये तर यातले बहुतेक काही नसते. नेहमीच्या जीपॉन जोडणीत वीसेक किलोमीटरच्या आतला मामला असतो. खाली येणारी माहिती १४९० नॅनोमीटरवर अडीच गिगाबिटने येते, वर जाणारी १३१० वर सव्वा गिगाबिटने जाते, आणि भिंतीवरच्या डबीतला पातळ थरांचा छोटा फिल्टर दोघांना वेगळे करतो. वाटेतला स्प्लिटर एकच प्रकाश बत्तीस घरांत वाटतो, म्हणून तो मुळातच तुटपुंजा असतो. डबीपाशी साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो. कपाटामागे केबल फार वाकली असेल, किंवा कनेक्टरच्या टोकावर धूळ बसली असेल, तर प्रकाश तिथेच गळतो आणि कोणतीही गाळणी तो परत आणत नाही. केबलचा बाक मोकळा करावा आणि लाइनमनला कनेक्टर पुसून पुन्हा बसवायला सांगावे. मात्र डबी चालू असताना उघड्या टोकात डोकावून पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि इजा मात्र करू शकतो.