टायटनवरील समुद्र
शनीच्या टायटन या सर्वांत मोठ्या उपग्रहावरील (व्यास सु. ५,१५० किमी.) द्रवरूप मिथेन व ईथेन यांचे विस्तीर्ण साठे. पृथ्वी सोडल्यास पृष्ठभागावर स्थिर द्रव असलेले दुसरे स्थळ सूर्यमालेत आढळलेले नाही. तेथील तापमान सु. −१७९° से. असल्याने पाणी खडकासारखे कठीण असते. पाऊस पडतो तो मिथेनचा, आणि नद्याही त्याच्याच वाहतात.

नायट्रोजनच्या दाट वातावरणातील नारिंगी धुक्यामुळे साध्या दुर्बिणीतून पृष्ठभाग दिसत नाही. कॅसिनी यानाच्या रडारने २००६ मध्ये उत्तर ध्रुवाजवळची सरोवरे टिपली. रडारलहरी परत न फिरवणारे गुळगुळीत भाग प्रतिमांत काळे उमटतात, ही त्यांची खूण. क्राकेन, लायजिया व पुंगा हे तीन समुद्र. पैकी क्राकेन सर्वांत मोठा. लायजियाची खोली मात्र अनपेक्षितपणे मोजता आली : २०१३ मध्ये रडारलहरी द्रवातून आरपार जाऊन तळावरून परतल्या आणि सु. १६० मी. हा आकडा मिळाला. द्रव प्रामुख्याने मिथेनचा असल्यामुळे हे शक्य झाले.

दक्षिण गोलार्धात असे समुद्र नाहीत. शनीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे दोन्ही गोलार्धांतील उन्हाळे सारखे नसतात, हे त्याचे बहुमान्य कारण आहे. सूर्यप्रकाशाने मिथेनचे सतत विघटन होत असते. तरी तो टिकून कसा, हा खरा कळीचा प्रश्न होय. नासाचे नियोजित ड्रॅगनफ्लाय यान विषुववृत्ताजवळील वालुकागिरींच्या प्रदेशात उतरणार असल्याने समुद्रांचे प्रत्यक्ष परीक्षण त्याच्या कक्षेबाहेर राहील.