तुराणची कारागिरी आणि आपला मुलूख

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे शाळेत सगळेच शिकतात. पण १७२४ पासून ज्या आसफजाही घराण्याची इथे सत्ता होती, त्याचे मूळ समरकंद-बुखाऱ्याकडचे, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातले, हे क्वचितच कोणी सांगते. पहिल्या निजामाचे आजोबा आबिद खान तिकडून आले आणि १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात कामी आले. त्या प्रदेशाला तेव्हा तुराण म्हणत. तेव्हा ताश्कंदच्या हस्तकला संग्रहालयाची हकिकत परभणीच्या वाचकाला सांगणे म्हणजे अगदीच परक्या दारात डोकावणे नव्हे.

हे संग्रहालय १९३७ साली सुरू झाले, ते पोलोवत्सेव नावाच्या एका रशियन मुत्सद्द्याच्या जुन्या घरात. त्याने स्थानिक उस्तादांकडून भिंतींवर कोरीव गिलावा आणि छतांवर रंगकाम करून घेतले होते. या गिलाव्याला तिकडे 'गंच' म्हणतात. मूळ शब्द फारसी 'गच', आणि आपली चुनेगच्ची आणि घरावरची गच्चीसुद्धा त्याच कुळातली. शब्द किती लांबून चालत येतात आणि किती मुकाट्याने घरात राहतात!

संग्रहालयात सर्वांत जिवंत वाटतात त्या सुझनी. 'सुझन' म्हणजे सुई. लेकीच्या लग्नासाठी घरच्या बायकांनी भरलेली ही मोठी कापडे. त्यांवर डाळिंब, बदाम, वेली आणि मोठमोठी वर्तुळे. आपल्याकडच्या रुखवताचा आणि जहेजचाच हा प्रकार. कापडाच्या पट्ट्या आधी सैल टाके घालून जोडायच्या, त्यांवर नक्षी आखायची, मग पट्ट्या उसवून एकेक बाईने एकेक भरायला घ्यायची आणि शेवटी सगळ्या पुन्हा शिवायच्या. त्यामुळे फुलाच्या पाकळ्या जोडावर किंचित सरकलेल्या दिसतात. कोणाचा टाका घट्ट, कोणाचा सैल. एका सुझनीत अख्खे घर सापडते.

पण ज्या राजवटीने हे संग्रहालय उभारले, तिनेच मशिदी-मदरसे बंद केले. १९२७ साली बायकांचा पडदा उतरवण्याची मोहीम काढली. पडदा जावा असे मानणारे आपल्यातही आहेत, मीही त्यांतलाच. पण सरकारी हुकमाने आलेल्या त्या सुधारणेत कितीतरी बायकांचे खून पडले, हेही विसरता येत नाही. त्याच सुमारास अरबी लिपी जाऊन लॅटिन आली आणि १९४० साली लॅटिन जाऊन रशियन. नातीला आजीच्या हातचे पत्र वाचता येईना. आजीची सुझनी मात्र 'लोककला' म्हणून काचेआड सुरक्षित राहिली. बुखाऱ्याच्या अमिराचा महाल सजवणारे उस्ता शिरीन मुरादोव पुढे ताश्कंदच्या नवाई नाट्यगृहात गंचकाम करू लागले. ते नाट्यगृह १९४७ साली उघडले. हात तोच, मालक बदलला.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. आपण दर्गे राखले, कसब राखले नाही. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पाणचक्कीशी बाबा शाह मुसाफिर विसावले आहेत. ते आणि त्यांचे पीर बाबा शाह पलंगपोश, दोघेही बुखाऱ्याजवळच्या गुज्दवानचे, नक्शबंदी सिलसिल्याचे. बाबा मुसाफिर १७१५ साली वारले. त्यांच्या तकियात तुराणी शिपाई येत-जात, नव्या मुलखात आसरा शोधत. त्यांचे गादीवारस शाह महमूद यांनी या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या आणि २००१ साली सायमन डिग्बी यांनी त्या इंग्रजीत आणल्या.

त्याच शहरात हिमरू विणला जात होता, सूत आणि रेशीम मिळून. त्याचाच भाऊबंद मशरू. पुरुषाने अस्सल रेशीम अंगाला लावू नये, म्हणून विणकराने वर रेशीम, आत सूत असे कापड काढले आणि नावच दिले 'मशरू', शरियतला मान्य. उझबेक 'अद्रस'मध्येही ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. फतव्यांच्या किताबांतून हा पेच कितीही सोडवला गेला असो, मागावर तो जास्त देखणा सुटला!

सुफींच्या आठवणी लिहिल्या गेल्या, अमीर-उमरावांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या. विणकराचे नाव कोणी टिपले नाही. आपल्याच बिरादऱ्यांत 'आम्ही तुराणी, आम्ही अशराफ' म्हणून मिरवणाऱ्यांनी मोमिनाला, जुलाह्याला शेजारी बसवले नाही, मग बाहेरच्यांना काय दोष द्यावा? आणि बाहेरचे जेव्हा 'तुम्ही कुठून आलात' असे विचारतात, तेव्हा उत्तरात आपण पीर आणि सरदारच पुढे करतो. बहुसंख्य मराठवाडी मुसलमान इथल्याच मातीतला, हात चालवून जगलेला. त्याची वंशावळ त्याच्या कामात आहे.

२०१७ साली युनेस्कोने उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या कारागिरी केंद्राची नोंद घेतली, ती अद्रस-अतलस विणण्याची जुनी कला नव्या पोरांना शिकवण्यासाठी. काचेआडचे कापड तिथे पुन्हा मागावर आले आहे.

परभणीच्या घरांतली गोधडी मात्र कुठल्याच काचेआड सापडणार नाही. ती विरली की तिच्यावर नवे लुगडे, जुना कुर्ता चढवतात, चारी बाजूंनी धावदोरा घालतात, आणि आजीची गोधडी नातीच्या गोधडीच्या पोटात जाते.