दहा गावांच्या जागेवरचा विमानतळ

विषय विमानतळाचा आहे, पण सुरुवात मी आपल्या कोपरखैरण्यातूनच करतो. इथे समोर बसलेले काही जण गावठाणातले, आगरी-कोळी. काही जण सातारा-सांगलीकडच्या माथाडींच्या घरातले, म्हणजे घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलले त्यांच्या मागोमाग आलेले. यातल्या कुणालाही ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाचा अर्थ सांगत बसायला नको.

आधी मुंबईचं थोडक्यात सांगतो. जुहूची धावपट्टी १९२८ ची. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच. पण पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं, मग विमानसेवा पुण्याला हलवायला लागायची. नंतर सांताक्रूझ आलं. सांताक्रूझची खरी अडचण काय, तर तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या. चौकातल्या रस्त्यांसारखं समजा. एकीवर विमान असलं की दुसरीला थांबावं लागतं. म्हणजे कागदावर दोन, वापरात एकावेळी एकच. आणि आजूबाजूला इतकी वस्ती, की तिसरीचा विचारच नको.

म्हणून दुसऱ्या विमानतळाची चर्चा १९९० च्या दशकात सुरू झाली. तेव्हा रेवस-मांडव्याचंही नाव होतं. पुढे पनवेल-उलव्याची जागा पुढे आली आणि २००७ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. आता ही जागा डोळ्यासमोर आणा. मध्ये उलव्याची टेकडी, आजूबाजूला खाजण, तिवरं, गाढी आणि उलवे अशा दोन नद्या. खारफुटीवरून केंद्राच्या पर्यावरण खात्याशी बराच वाद झाला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये परवानगी मिळाली, ती अटींवर. गाढी नदीला हात लावायचा नाही. उलवे नदी वळवायची. दोन समांतर धावपट्ट्यांमधलं अंतर कमी करून १,५५५ मीटर ठेवायचं. एवढं अंतर असलं की दोन्हींवर एकाच वेळी विमानं चालवता येतात. सांताक्रूझला जे जमलं नाही, ते इथे जमावं म्हणून हा सगळा खटाटोप. टेकडी सुरुंग लावून फोडली आणि तिचाच दगड-मुरूम खाजणात भरून जमीन उंच केली. आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणतात, इथे डोंगर पोखरून धावपट्टी काढली!

आता गावांकडे येऊ. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, वाघिवलीवाडा वगैरे मिळून दहा गावं उठली. (यातलं कोपर म्हणजे आपलं कोपरखैरणे नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं.) ही माणसं एवढ्या उशिरापर्यंत आणि एवढ्या चिकाटीने सरकारशी का भांडली, याचं उत्तर विमानतळात नाही, १९८४ मध्ये आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यात आपलं गावही आलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर, १९९० च्या सुमारास, साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. ज्यांची शंभर गुंठे गेली, त्यांना साडेबारा गुंठे, पण रस्ता-पाण्यासकट. आपल्या सेक्टरांमधल्या किती इमारती ‘साडेबारा टक्क्यां’च्या आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

विमानतळासाठी तोच आकडा २०१३-१४ च्या पॅकेजमध्ये साडेबावीसवर गेला. राहत्या घरांसाठी पुनर्वसनाचे भूखंड वेगळे. माझं मत सांगतो, कुणाला पटेल न पटेल: ही दहा टक्क्यांची वाढ चौऱ्याऐंशीच्या हुतात्म्यांची आहे. पण एक खोट राहिलीच. टक्का काढतात सातबाऱ्यावरून, आणि खाडीला सातबारा नसतो. बोय, कोळंबी, खेकडा धरून जगणाऱ्यांचा हिशोब कुठल्या रकान्यात लिहायचा?

पुढचं भराभर सांगतो. भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झालं. कंत्राट आधी जीव्हीकेकडे होतं, २०२१ मध्ये अदानी समूहाकडे आलं. त्यांचा हिस्सा ७४ टक्के, सिडकोचा २६. ऑक्टोबर २०२४ मध्ये हवाई दलाचं सी-२९५ विमान पहिल्यांदा उतरलं. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबरपासून, तीही सुरुवातीला सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच. सध्या धावपट्टी एक, ३,७०० मीटरची. टर्मिनल एक, वर्षाला दोन कोटी प्रवाशांचं, आणि चेक-इनचे काउंटर ८८. सगळे टप्पे झाले की नऊ कोटी प्रवासी, असा आराखडा आहे. कमळाच्या आकाराची रचना लंडनच्या झाहा हदीद यांच्या कंपनीची. आत गेलात तर खांबांकडून वर छताकडे बघा, पाकळ्या तिथे कळतात. बाहेरून मला तरी पटकन कळल्या नाहीत.

नावाचं राहिलं. १० जून २०२१ ची मानवी साखळी आणि २४ जूनचा सिडकोला घेराव, यात तुमच्यातले कितीतरी जण असतील. चोवीस जून हा दि. बां.चा स्मृतिदिन. २०२२ मध्ये विधिमंडळाने त्यांच्या नावाचा ठराव करून केंद्राकडे पाठवला. तरी पहिलं प्रवासी विमान उतरलं, त्या दिवशी विमानतळाला ते नाव अधिकृतपणे मिळालेलं नव्हतं. दि. बा. जासईचे. ते गाव तिथून जवळच आहे.

जायचं कसं, हे मघाशी एका ताईंनी विचारलं होतं. इथून पनवेलची गाडी धरा, नेरुळला किंवा बेलापूरला उतरून उरणची लोकल घ्या, आणि विमानतळाजवळचं स्टेशन म्हणजे तरघर. गाव उठलं, स्टेशनला नाव तेच आहे. प्रश्न असतील तर माईक तिकडे फिरवतो.