मराठी हग्गादा आणि विसरलेली कथा

पुणे येथे १८७४ साली छापलेल्या एका लहानशा ग्रंथाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ग्रंथाचे नाव 'हग्गादा'. हिब्रू मूळ आणि त्यासोबत मराठी भाषांतर. त्यातील चित्रांत एक प्रसंग असा आहे की, लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकऱ्या करीत आहेत. प्रसंग युरोपातील हग्गाद्यांतही असतो. येथे मात्र तो कोकणातल्या ओसरीवरचा झाला आहे. याआधी १८४६ साली मुंबईस शिळाछापावर अशीच मराठी हग्गादा निघाली होती. मराठी गद्याच्या प्रारंभकाळाची चर्चा करताना आपण पंडितांची व पाद्रयांची नावे घेतो. या दोन पुस्तकांची आठवण क्वचितच होते.

हग्गादा म्हणजे निसान महिन्याच्या पौर्णिमेच्या रात्री घरोघर वाचावयाची कथा. मिसर देशातील दास्यातून इस्रायलांची सुटका झाली, ही तोरेच्या निर्गमग्रंथातील हकीकत तीत आहे. पण ती पुराणासारखी ऐकून सोडून द्यावयाची नसते. घरातील सर्वांत धाकट्या मुलाने विचारावयाचे की, आजची रात्र निराळी का; आणि वडिलांनी उत्तर द्यावयाचे ते 'आमच्या पूर्वजांस' एवढेच म्हणून नव्हे, तर आपण स्वतःच त्या देशातून बाहेर पडलो आहोत असे मानून. कडू पाला खावयाचा तो याच हेतूने. विशेष हे की, ज्याने लोकांस बाहेर काढले त्या मोशेचे नाव या कथनात जवळजवळ येतच नाही. कथेचा नायक कोणी थोर पुरुष नसून सांगणारे घर हाच तिचा नायक, असे आम्हांस वाटते.

आता बेने इस्रायलांकडे वळू. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. तिच्या कालनिर्णयाच्या वादात आम्ही शिरत नाही. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. उरले होते ते सण, आणि तेही मराठी नावांनी. हाईम शमुएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ही नावे नोंदविली आहेत. पुरीम तो 'होळीचा सण', कारण दोन्ही पौर्णिमेच्या आसपास येतात; मंदिरनाशाच्या उपवासाचा तो 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे; प्रायश्चित्ताच्या दिवसाचे नाव दारे लावून घेण्यावरून पडलेले. आणि वल्हांडणाचे नाव 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट द्रवाचे मडके झाकून ठेवण्याचा सण.

या शेवटच्या नावापाशी आम्ही थोडे थांबतो. वल्हांडणात खमीर वर्ज्य असते, कारण मिसरातून निघताना पीठ फुगण्याइतकीही उसंत नव्हती, असे तोरेत सांगितले आहे. कोकणातील गृहिणीने फारो, मोशे, समुद्र दुभंगणे हे सारे विसरले, पण मडके झाकावयाचे ते विसरली नाही. कथा गेली, आचार राहिला! आपण शिक्षकमंडळी नेहमी अर्थाचा आग्रह धरतो व अर्थावाचून केलेल्या आचारास जडत्व म्हणतो. येथे त्या झाकलेल्या मडक्यानेच कथेची जागा शतकानुशतके राखून ठेवली.

कथा परत आली ती काही अंशी अनपेक्षित दारातून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता; बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपला ठेवला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ यांची आख्याने साक्या-दिंड्यांत रचून कीर्तने होऊ लागली. भावांनी विकलेला योसेफ, दुष्काळात त्याच भावांस धान्य देणारा योसेफ, हा मराठी श्रोत्यास परका वाटण्याचे कारणच नव्हते.

मग दास्यातून सुटल्याची कथा वर्षानुवर्षे मराठीतून सांगणारी ही माणसे १९४८ नंतर इस्रायलास जाऊ लागली. १९६२ साली तेथील मुख्य रब्बीमंडळाने सूचना काढल्या की, विवाह लावण्यापूर्वी बेने इस्रायल वधूवरांच्या मातृवंशाची पिढ्यान्पिढ्या मागे चौकशी करावी. मागील पिढ्यांत कोणी परकी स्त्री आली असेल काय, हा प्रश्न होता. (आली असणार, हे उघड आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात या समाजात यहुदी व भारतीय असे दोन्ही वंशांश आढळले.)

याचे उत्तर त्यांच्याच ग्रंथात नव्हते असे नाही. मोआबी मनुष्याने इस्रायलांच्या मंडळीत येऊ नये, असा तोरेचा स्पष्ट निर्बंध आहे. आणि रूथ ही मोआबी विधवा सासूमागून बेथलेहेमास येते, बवाजाशी विवाह करते व दावीद राजाची पणजी होते. जुन्या रब्बींनी या पेचातून वाट काढली ती अशी की, निर्बंध मोआबी पुरुषास आहे, स्त्रीस नव्हे. शब्द न मोडता त्यांनी दार उघडले. रूथची ही कथा दरवर्षी शावुओत सणाला सभास्थानांत वाचली जाते, १९६२ सालीही ती वाचली गेली असेल.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेम येथे धरणे धरले. ऑगस्टमध्ये क्नेसेटचे खास अधिवेशन भरले व हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत, असा निर्वाळा तेथे देण्यात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बीमंडळाने आपल्या सूचनांतून बेने इस्रायल हे नाव काढून टाकले, आणि त्या जागी, ज्याच्या वंशाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, एवढेच शब्द घातले.