नोत्र दामचे शिरच्छेद झालेले राजे

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आरंभीची वंशावळी १७ डिसेंबरच्या मिस्सेत वाचावयाची वेळ आली, की आपल्यापैकी अनेकांची जीभ अडखळते. रहबाम, अबीया, आसा, यहोशाफाट, योथाम, आहाज अशी नावे भराभर उरकून आपण योसेफ आणि मरियेपाशी येऊन पोहोचतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. भाविकांना ही नावे कोणाची, याचा उलगडा क्वचितच होतो. पॅरिस येथील नोत्र दाम महामंदिराच्या दर्शनी भिंतीवर ही वंशावळी एके काळी दगडात कोरलेली होती. पुढे तिचे जे झाले, तो इतिहास धर्मशिक्षण देणाऱ्यांनी तरी जाणून घेण्याजोगा आहे.

बिशप मोरिस द स्युली यांच्या कारकीर्दीत, ११६३ च्या सुमारास, या महामंदिराच्या बांधकामास प्रारंभ झाला. पश्चिमेकडील दर्शनी भाग उभा राहिला तो तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात. तेथे तीन प्रवेशद्वारांच्या वर, एका ओळीत, २८ मुकुटधारी राजांच्या मूर्ती बसविण्यात आल्या. प्रत्येक मूर्ती सुमारे साडेतीन मीटर उंचीची. हे यहूदाचे राजे, म्हणजे पवित्र मरियेचे व प्रभू येशूचे पूर्वज होत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. महामंदिर मरियेला वाहिलेले असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. तिच्याकडे जाणारी वाट दावीदाच्या घराण्यातूनच जाते.

परंतु खाली उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तेराव्या शतकातील एका विनोदी लेखनात एक खेडूत महामंदिरासमोर उभा राहून वर बोट दाखवितो, हा पेपँ राजा, तो शार्लमान, असे मोठ्या कौतुकाने सांगतो, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या कमरेची पैशांची पिशवी कापून नेतो. मूर्ती नव्याकोऱ्या असतानाच त्यांचा अर्थ असा हरवू लागला होता. हसावे त्या खेडुताला. पण पाचशे वर्षांनंतर बेनेदिक्तीन संघातील बर्नार मोंफोकों यांच्यासारख्या थोर विद्वानानेही फ्रान्समधील मंदिरांच्या दारांवरील जुन्या राजमूर्ती फ्रेंच राजांच्याच मानल्या होत्या. शिवाय राजदरबाराला हा घोटाळा फारसा अप्रिय नसावा. रॅंस येथे पवित्र तेलाचा अभ्यंग घेणारे फ्रान्सचे राजे स्वतःला दावीद-शलमोनांच्या परंपरेतील समजत असत. यहूदाचे राजे आणि फ्रान्सचे राजे यांच्यातील सीमारेषा पुसट राहिली, तर त्यात सिंहासनाचा लाभच होता.

या लाभाची किंमत १७९३ साली चुकवावी लागली. २१ जानेवारी रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. २३ ऑक्टोबर रोजी पॅरिसच्या नगरशासनाने महामंदिरावरील राजांच्या मूर्ती काढून टाकण्याचा हुकूम दिला, आणि १० नोव्हेंबरला त्याच महामंदिरात बुद्धिदेवतेचा उत्सव साजरा झाला. पुढील काळात एका कंत्राटदाराच्या मजुरांनी राजांना खाली पाडले. सोळाव्या लुईचे पूर्वज म्हणून ज्यांची डोकी उडविली, ते प्रत्यक्षात येशूचे पूर्वज होते! ढिगारा काही काळ मंदिरालगत पडून राहिला आणि १७९६ मध्ये बांधकामाचे दगड म्हणून विकला गेला.

येथे सारा दोष क्रांतिकारकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. धर्मगुरू म्हणून मला तसे करवत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी वेदीसमोरील मध्ययुगीन शिल्पमंडित भिंत पाडण्यात आली, ती क्रांतिकारकांनी नव्हे. त्या शतकाच्या मध्यास रंगीत काचांच्या कितीतरी खिडक्या काढून तेथे साधी काच बसविण्यात आली, कारण धर्मगुरुमंडळाला उजेड हवा होता. १७७१ मध्ये मिरवणुकीचे छत्र सुलभपणे आत जावे म्हणून सुफ्लो या वास्तुविशारदाकडून मधल्या द्वाराचा खांब आणि त्यावरील अंतिम न्यायाच्या शिल्पाचा भाग कापून घेण्यात आला. न्यायनिवाड्यापेक्षा छत्र महत्त्वाचे ठरले! ज्यांनी त्या शिल्पांचा अर्थ लोकांना समजावून द्यावयाचा, त्यांनाच ती शिल्पे अडगळ वाटू लागली होती. मग जमावाने ती ओळखावीत, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ च्या कादंबरीने लोकांचे लक्ष या जीर्ण वास्तूकडे वेधले. १८४४ पासून लास्यु व व्हिओले-ल-द्युक यांनी जीर्णोद्धार हाती घेतला आणि राजांच्या नव्या मूर्ती घडवून रिकाम्या जागी बसविल्या. जुन्या मूर्ती कायमच्या नष्ट झाल्या, असेच सर्वांनी धरून चालले होते.

आणि १९७७ साली पॅरिसच्या शोसे-दांतँ रस्त्यावरील एका जुन्या वाड्याच्या आवारात, एका बॅंकेच्या कामासाठी खोदकाम चालू असता, जमिनीखाली दगडी तुकडे लागले. तुकड्यांची संख्या ३०० हून अधिक भरली. त्यांत राजांची २१ मस्तके होती. क्रांतीच्या काळात तो वाडा बांधणाऱ्या राजनिष्ठ गृहस्थाने ते दगड विकत घेऊन आदरपूर्वक पुरले असावेत, असे मानले जाते. तसे असेल तर फ्रान्सचे राजे म्हणून मूर्ती फोडणारा आणि फ्रान्सचे राजे म्हणून त्यांना मूठमाती देणारा, दोघेही एकाच गैरसमजाचे धनी म्हणावे लागतील.

ही मस्तके आता क्लुनी संग्रहालयात आहेत. बहुतेकांची नाके तुटलेली आहेत. गालांवर गुलाबी व ओठांवर लाल रंगाच्या खुणा मात्र अजून दिसतात, म्हणजे हे राजे मुळात आजच्यासारखे राखाडी नव्हते. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत महामंदिराचे छप्पर व मनोरा कोसळला; दर्शनी भिंत वाचली आणि तिच्यावरील नवे राजेही वाचले. ८ डिसेंबर २०२४ रोजी नव्या वेदीचे अभिषेचन होऊन तेथे पुन्हा मिस्सा झाली. जुने राजे मात्र नदीपलीकडे, चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, संग्रहालयातच आहेत. २८ पैकी सातांची मस्तके अद्याप मिळालेली नाहीत.