कर्ज फिटल्याची गोष्ट

आमच्या आजोबांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते, देणं ठेवणारे आणि न ठेवणारे. महिनाअखेरीला वाण्याची वही कोरी झाली की त्यांना शांत झोप लागायची. त्यामुळे रुमानियाच्या निकोलाय चाउशेस्कूने देशाचं सगळं परदेशी कर्ज मुदतीआधीच फेडून टाकलं, असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी कौतुकच वाटलं. खोटं कशाला बोला!

मग हळूहळू बाकीचं वाचत गेलो.

कर्ज झालं कसं? १९६८ साली रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले तेव्हा चाउशेस्कूने त्याचा जाहीर निषेध केला आणि पाश्चात्त्य देशांचा तो एकदम लाडका झाला. १९६९ मध्ये खुद्द निक्सन बुखारेस्टला येऊन गेले. १९७२ मध्ये रुमानिया नाणेनिधीचा सभासद झाला. उसना पैसा सहज मिळत होता. त्यातून मोठमोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, देशातल्या विहिरींच्या आवाक्याबाहेरचे. बाहेरून तेल आणायचं, शुद्ध करून विकायचं, असा हिशोब. त्यात १९७९ ला इराणमध्ये क्रांती झाली, तेल महागलं, पाठोपाठ व्याजाचे दर चढले. १९८१ पर्यंत कर्ज सुमारे १० अब्ज डॉलरवर गेलं आणि हप्ते थकायला लागले.

अशा वेळी बाकीचे देश सावकाराशी घासाघीस करतात. चाउशेस्कूला तो अपमान वाटला असावा. त्याने ठरवलं, पै न् पै फेडायची. पण कशातून? विकता येईल ते सगळं विकून. मांस, धान्य, फळं, इंधन, सगळं बाहेर. पाव रेशनवर आला. घरातले रेडिएटर भर हिवाळ्यात जेमतेम कोमट. दिवा ४० वॅटचा. टीव्ही रोज दोन तास, त्यातही बराच वेळ साहेब आणि बाईसाहेब. बुखारेस्टचे लोक अँटेना फिरवून शेजारच्या बल्गेरियाचा टीव्ही बघायचे. भाषा कळो न कळो!

दुकानात डुकराचे फक्त खूर मिळायचे. लोक त्यांना ‘आदिदास’ म्हणायचे. ओट्ससारखं धान्य मिसळलेल्या बनावट कॉफीचं नाव होतं ‘नेकेझोल’, म्हणजे घोड्याच्या खिंकाळण्यावरून पाडलेलं नाव. रांगेत तासन् तास उभं राहून या लोकांना विनोद कसे सुचत होते कोण जाणे. की त्याशिवाय उभंच राहता येत नसेल?

आणि याच काळात, १९८४ पासून, बुखारेस्टमधली जुनी वस्ती पाडून एक अवाढव्य प्रासाद बांधला जात होता. इथे मात्र माझ्या आजोबांनी त्याला घराबाहेर काढलं असतं. घरात पोरं उपाशी ठेवून सावकाराचं फेडणारा माणूस एक वेळ त्यांना समजला असता. पण त्याच वेळी माडी चढवणारा?

१५ नोव्हेंबर १९८७ ला ब्राशोवच्या ट्रक कारखान्यातले कामगार पगारकपातीवरून रस्त्यावर आले. मोर्चा पक्षाच्या कचेरीत घुसला. तिथे आत चीज, संत्री अशी मेजवानीची तयारी सापडली, असं सांगतात. इतकी वर्षं ‘देशात नाही’ म्हणून ऐकलेलं संत्रं त्या खोलीत बघताना काय वाटलं असेल, हा विचार मला राहून राहून येतो. साठएक जणांना शिक्षा झाल्या, घरापासून लांबच्या गावांत पाठवून दिलं गेलं.

एप्रिल १९८९ मध्ये चाउशेस्कूने जाहीर केलं की कर्ज फिटलं. पुन्हा परदेशी कर्ज काढायचं नाही असा कायदाही केला. लोकांना वाटलं असेल, चला, आता तरी दुकानं भरतील. भरली नाहीत. निर्यात तशीच चालू राहिली. माझ्या मते तो माणूस तिथे संपला. दुःखाला तोपर्यंत निदान एक कारण होतं, आता तेही उरलं नाही.

डिसेंबरात तिमिशोआरा पेटलं. २१ तारखेला बुखारेस्टच्या चौकात त्याने सभा घेतली. मधेच गर्दीतून आरडाओरडा सुरू झाला आणि तो हात वर करून नुसता बघत राहिला. मग घाईघाईने पगारवाढ जाहीर केली. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून पळाला, आणि २५ ला तिर्गोविष्टे इथे घाईच्या खटल्यानंतर नवरा-बायको दोघांना गोळ्या घातल्या. आरोपांत एक होता देशाची अर्थव्यवस्था खिळखिळी केल्याचा. त्या दिवशी देशावर परदेशी कर्ज जवळजवळ नव्हतंच.

त्या महिन्यात हजाराहून जास्त माणसं मेली. असो.

१९९१ मध्ये रुमानियाने नाणेनिधीकडून परत कर्ज घेतलं. २००९ मध्ये नाणेनिधी, युरोपीय संघ वगैरे मिळून सुमारे २० अब्ज युरोंचं घेतलं, आणि २०१० मध्ये सरकारी नोकरांचे पगार एका फटक्यात २५ टक्क्यांनी कापले. त्याच वर्षी जुलैत, ते खरंच तेच दोघं आहेत ना हे तपासायला, चाउशेस्कू दांपत्याची थडगी उकरण्यात आली. तो तोच निघाला; बाईंची ओळख मात्र पक्की पटवता आली नाही.